जीपगाडीचें स्टीअरिंग : झिजलेले सांधे वेळींच बदलावे

बैलगाडी जुंपण्यापूर्वीं आंसास वंगण घालावें, जूं व सापत्या पाहाव्या आणि मगच बाजाराची वाट धरावी, हा आपल्याकडील शेतकऱ्यांचा पिढीजात शिरस्ता होता. आंस कोरडा राहिला तर चाक कुरकुरे, आणि ती कुरकुर साऱ्या गांवास ऐकूं जाई. मग धन्यास लाजेनें तरी वंगणाचें नळकांडें हातीं घ्यावें लागे. मोटारगाडीचें तसें नाहीं. तिचे कांहीं दोष मुकाट्यानें वाढतात, आणि स्टीअरिंगचे झिजलेले सांधे हा त्यांतील सर्वांत मुका दोष होय. बैलगाडी वळवितात ते बैल, आणि बैलास डोळे असतात; पुढें खड्डा असला तर तो अडतो. मोटार वळविणारा हात एकटा, आणि त्या हाताचा हुकूम चाकापर्यंत पोंचविण्याचें काम पांचसहा लोखंडी सांध्यांकडे सोंपविलेलें असतें. ते सांधे शाबूत आहेत कीं नाहींत, हें आपल्यापैकीं किती जण स्वतः खालीं वांकून पाहतात? आमच्या अनुभवानें फारच थोडे. म्हणून चारी चाकांवर चालणारी गाडी ज्यांच्या दारीं उभी आहे अशा शेतकरी बंधूंसाठीं ह्या विषयाचा कांहींशा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जीप शेतावर कशी आली

जीप ही मूळची लढाईची गाडी. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ ते १९४५ ह्या काळांत, अमेरिकेंतील विलीस व फोर्ड ह्या दोन कंपन्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपतांच, १९४५ सालींच, विलीस कंपनीनें मुलकी उपयोगाची जीप बाजारांत आणली आणि ती विकतांना मुख्यतः शेतकऱ्यास डोळ्यांपुढें ठेविलें. औत ओढावें, पट्टा लावून यंत्र चालवावें, माल वाहावा आणि सणावारीं कुटुंबास घेऊन परगांवीं जावें, अशी तिची जाहिरात असे. आपल्या देशांत स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास महिंद्र कंपनीनें मुंबईस माझगांव येथें ह्या जीपची जुळणी सुरूं केली. पुढें ह्याच कंपनीचा मोटारींचा कारखाना आपल्या नाशिकास निघाला व एंजिनांचा कारखाना इगतपुरीस झाला. २००२ सालीं निघालेली स्कॉर्पिओ व २०२० सालीं आलेली नवी थार ह्या गाड्या नाशिकच्याच कारखान्यांतून बाहेर पडल्या. अर्थात् ही गाडी आपणांस परकी राहिलेली नाहीं. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतून, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरवाटांवरून आणि येवल्याच्या कांद्याच्या वावरांतून ती रोज फिरते. पावसाळ्यांत काळ्या जमिनीच्या चिखलांतून निघण्यास चारी चाकांच्या ओढीसारखा दुसरा उपाय नाहीं, हें आपण जाणतोंच. परंतु ज्या चिखलांतून ती आपणांस काढते, तोच चिखल तिच्या पुढील चाकांच्या सांध्यांत बसून त्यांस खातो, हें मात्र आपण विसरतों.

आम्हांसच घडलेला प्रसंग

दुसऱ्यास शहाणपण सांगण्यापूर्वीं स्वतःची चूक सांगणें बरें. आमच्या घरीं १९८९ सालची एक जीप आहे. दोन वर्षांपूर्वीं माघ महिन्यांत आम्ही घरचीं पांच माणसें सप्तशृंगगडावरून नांदुरीकडे घाट उतरत होतों. गाडीचें चक्र काहीं महिन्यांपासून सैल लागत होतें. तें डावीउजवीकडे बरेंच फिरविल्यावर मग चाक वळे. पण रोज पाहणाऱ्यास आपलें पोर वाढलेलें दिसत नाहीं, तसा आमच्या हातास तो सैलपणा संवयीचा झाला होता. प्रवासापूर्वीं तीन आठवडे आम्हीं एका मिस्त्रीकडून स्टीअरिंगच्या पेटीवरील स्क्रू आवळून घेतला होता, आणि चक्र घट्ट लागूं लागल्यामुळें काम झालें असें समजून आम्ही निश्चिंत होतों. घाटांत एका वळणाच्या आधीं डावें चाक खड्ड्यांत आदळलें, आणि पुढील दोन्ही चाकें अशीं थरथरूं लागलीं कीं चक्र हातांत धरवेना. दैवयोगानें वेग बेताचा होता. गाडी डोंगराच्या बाजूस घेऊन उभी केली. खालीं वांकून पाहिलें तों डावीकडील टाय रॉडच्या टोंकाचा सांधा फाटक्या रबरांतून लोंबत होता. हातानें हालविला तर बोटभर हाले. आणखी दोन वळणें तो टिकला असता कीं नाहीं, हें सांगवत नाहीं. दरीच्या बाजूस लहान मुलें बसलीं होतीं, एवढेंच आम्हांस त्या वेळीं आठवलें.

ह्यांत मिस्त्रीस बोल लावण्याचें कारण नाहीं. सांधे न पाहतां पेटी आवळण्याचा आग्रह आमचाच होता, कारण सांधे बदलण्यास एक दिवस जातो व पेटीचा स्क्रू पांच मिनिटांत आवळला जातो. हाच आमचा मुद्दा आहे. ढिलाई चक्रावर जाणवते, पण ती बहुधा असते खालच्या सांध्यांत. आणि जेथें दोष नाहीं तेथें उपाय केल्यानें दोष झांकला मात्र जातो.

हाताचा हुकूम चाकापर्यंत कसा जातो

जुन्या घडणीच्या जीपमध्यें, म्हणजे जिच्या पुढील दोन चाकांमध्यें एकसंध आंस आहे अशा गाडींत, चक्राची दांडी खालीं एका लोखंडी पेटींत उतरते. ह्या पेटीस स्टीअरिंग बॉक्स म्हणतात. पेटींतून एक आंखूड हात बाहेर आलेला असतो, तो ड्रॉप आर्म. त्याच्या टोंकापासून चाकांच्या बाजूस जाणारा दांडा म्हणजे ड्रॅग लिंक. दोन्ही चाकांस एकमेकांशीं बांधून ठेवणारा आडवा दांडा तो टाय रॉड. अगदीं जुन्या विलीस धाटणीच्या जीपमध्यें मध्यभागीं कोपऱ्याच्या आकाराचा एक फिरता तुकडा असतो, त्यास बेल क्रँक म्हणतात. ड्रॅग लिंक त्यास फिरवितो आणि त्याच्यापासून डाव्या व उजव्या चाकास दोन वेगवेगळे टाय रॉड जातात.

ह्या प्रत्येक दांड्याच्या टोंकास एक सांधा असतो. त्याची रचना आपल्या खुब्याच्या सांध्यासारखी आहे. मांडीच्या हाडाचा गोळा जसा उखळींत बसून सर्व बाजूंस फिरतो, तसा येथें पोलादी गोळा वाटींत बसलेला असतो; वाटींत ग्रीस भरलेलें असतें, आणि धूळपाणी आंत जाऊं नये म्हणून वर रबरी टोपण असतें. टोपण फाटलें कीं आंत माती जाते, माती व ग्रीस मिळून सहाणेवरील उगाळ्यासारखा लेप होतो, आणि गोळा व वाटी दोन्ही झिजूं लागतात.

चारी चाकांवर चालणाऱ्या गाडींत आणखी एक ठिकाण आहे. तिच्या पुढील चाकांसहि एंजिनाची ओढ द्यावयाची असल्यामुळें फिरती दांडी चाकाच्या मध्यांतून जावी लागते. म्हणून चाक ज्या भागावर वळतें, त्याच्या वर व खालीं दोन आंखूड खुंट्या असतात व त्या लहान बेअरिंगांत फिरतात. गोल घुमटाभोंवतीं बसविलेलें सील झिजलें कीं त्यांतूनहि पाणी व चिखल आंत शिरतो. ही झीज बाहेरून दिसत नाहीं. ती हातानें चाचपावी लागते.

बारीक झीज मोठी कशी होते, हें एका हिशेबानें कळेल. ड्रॉप आर्म सहा इंच लांब, पेटीचें प्रमाण चौदास एक व चक्र सोळा इंच व्यासाचें धरलें, तर सांध्यांतील केवळ एक मिलिमीटर ढिलाई चक्राच्या कडेवर सुमारें पाऊण इंच होऊन बसते. अशा चार सांध्यांत थोडी थोडी झीज झाली म्हणजे चक्र तीन इंच रिकामें फिरतें. निरनिराळे सांधे पाहिले तर प्रत्येक जण 'माझा दोष थोडा' म्हणतो; बेरीज मात्र चालविणाऱ्याच्या हातीं येते.

परीक्षा कशी करावी

पुढील परीक्षा कोणाहि शेतकऱ्यास घरच्या घरीं करतां येतील. गाडी सपाट जागीं उभी करावी, हातब्रेक लावावा व मागील चाकांस दोहों बाजूंनीं दगड लावावे.

पहिली परीक्षा चक्राची. पुढील चाकें सरळ ठेवून चक्राच्या कडेस खडूची खूण करावी व शेजारीं फूटपट्टी धरावी. एका माणसानें चाकाकडे पाहत राहावें व दुसऱ्यानें चक्र हळू हळू फिरवावें. चाक हालण्यास आरंभ होईपर्यंत खूण किती सरकली तें मोजावें. जुन्या पेटीच्या गाडीस एक ते दीड इंच ढिलाई चालण्यासारखी समजतात. त्याहून अधिक भरल्यास सांधे तपासावे, आणि ती तीन इंचांवर गेली असल्यास दुरुस्तीवांचून गाडी रस्त्यावर काढूं नये. ज्या गाडीस पॉवर स्टीअरिंग आहे तिची ही परीक्षा एंजिन चालूं ठेवून करावी.

दुसरी परीक्षा सांध्यांची. चाकें जमिनीवरच असावीं. एकानें चक्र झटक्या-झटक्यानें डावीउजवीकडे हालवावें व दुसऱ्यानें प्रत्येक सांध्यावर क्रमानें हात ठेवावा. चांगल्या सांध्याचे दोन्ही भाग एकदम हालतात. झिजलेल्या सांध्यांत एक भाग आधीं हालतो व दुसरा मागून येतो, आणि तो ठोका बोटांस स्पष्ट लागतो. पेटी ज्या बोल्टांनीं चौकटीस बांधलेली असते तेहि ह्याच वेळीं पाहावे. कधीं कधीं पेटीच जागची हालत असते.

तिसरी परीक्षा चाकाची. आंसाखालीं जॅक लावून एक चाक उचलावें व त्याच्या आधारास घोडी ठेवावी. चाक वर व खालीं धरून हालवावें. हाललें तर दोष चाकाच्या बेअरिंगांत किंवा वर सांगितलेल्या खुंट्यांत असतो. दोहोंतील भेद असा ओळखावा : एकास ब्रेक दाबून धरण्यास सांगावें. ढिलाई नाहींशी झाली तर चाकाचें बेअरिंग सैल आहे. ती तशीच राहिली तर खुंट्या झिजल्या आहेत. नंतर चाक डाव्या व उजव्या बाजूस धरून हालवावें. ह्या वेळीं ढिलाई लागली तर बहुधा टाय रॉडचा सांधा गेलेला असतो.

टायरहि साक्ष देतात. टायरच्या कडेवर हात फिरविला असतां एका दिशेनें गुळगुळीत व उलट दिशेनें करवतीसारखें खरखरीत लागलें, तर चाकांचा मेळ बिघडला आहे असें जाणावें. खड्डा लागतांच चाकें थरथरणें ही शेवटची सूचना होय. ह्या थरथरीस सांध्यांखेरीज कमानीच्या पाट्यांचे झिजलेले बुशहि कारण होतात व टायरांचा असमतोलहि. म्हणून तेहि पाहून घ्यावें.

कोणते उपाय करूं नयेत

पहिला चुकीचा उपाय म्हणजे पेटीचा स्क्रू आवळीत सुटणें. पेटी मध्यावर सर्वांत अधिक झिजते. ती मध्यावर घट्ट केली तर वळणावर ती आवळून धरते, आणि वळण संपल्यावर चक्र आपोआप सरळ येईनासें होतें. सांधे चांगले असल्याची खात्री झाल्यावरच पेटीस हात लावावा.

दुसरा उपाय वेल्डिंगचा. वांकलेला दांडा तापवून सरळ करणें किंवा झिजलेल्या हातास वेल्डिंगनें भर देणें ही रीति नांगराच्या फाळास ठीक आहे. स्टीअरिंगचे भाग विशिष्ट रीतीनें पाणी दिलेल्या पोलादाचे असतात. उष्णतेनें तें पाणी उतरतें व भाग नरम किंवा ठिसूळ होतो. तो तुटतो तेव्हां आधीं सूचना देत नाहीं.

तिसरा उपाय सांधा ठोकून घट्ट करण्याचा किंवा वाटीखालीं पत्र्याची चकती सरकविण्याचा. पूर्वींच्या कांहीं सांध्यांत स्प्रिंग व बूच असे व तें आवळण्याची सोय होती. हल्लींचे सांधे बंद असतात. ते दुरुस्त होत नाहींत, टाकूनच द्यावे लागतात.

सांधे बदलण्याची रीति

ज्यांस अवजारांची संवय आहे व जाणता मिस्त्री जवळ आहे त्यांनीं हें काम शेतावर करण्यास हरकत नाहीं. इतरांनीं निदान शेजारीं उभें राहून तें नीट होतें कीं नाहीं हें पाहावें. केवळ जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखालीं कोणींहि शिरूं नये. विटा व मातीचे दगड हा आधार नव्हे. लोखंडी घोड्याच लावाव्या.

प्रथम जुन्या टाय रॉडची लांबी, एका गोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या गोळ्याच्या मध्यापर्यंत, मोजून लिहून ठेवावी. सांधा दांड्यांत आट्यांवर बसविलेला असतो. एका टोंकाचे आटे सुलटे व दुसऱ्या टोंकाचे उलटे असतात. त्यामुळें दांडा फिरविला असतां लांबी कमीजास्त करतां येते. म्हणून उलट्या आट्यांचा सांधा निराळा मागून घ्यावा, नाहीं तर दुकानाच्या दोन फेऱ्या होतात. दांड्यावरील आवळपट्टी किंवा आवळनट आधीं सैल करून ठेवावा.

नंतर स्प्लिट पिन काढून नट थोडा सैल करावा, पण पूर्ण काढूं नये. तो आट्यांचें रक्षण करतो व सांधा सुटतांना अंगावर येऊं देत नाहीं. सांध्याची खुंटी निमुळती असून हाताच्या छिद्रांत घट्ट बसलेली असते. ती पुलरनें काढणें उत्तम. पुलर नसल्यास मिस्त्री लोक दोन हातोडे घेऊन छिद्राच्या कडेवर समोरासमोर एकदम ठोका देतात; छिद्र क्षणमात्र दबतें व खुंटी सुटते. खुंटीच्या टोंकावर ठोके घालणें ही मात्र अडाणी रीति होय.

जुना सांधा दांड्यांतून काढतांना किती फेरे झाले तें मोजावें व नवा तितकेच फेरे आंत बसवावा. नवी खुंटी बसविण्यापूर्वीं हातांतील छिद्र स्वच्छ व कोरडें करावें. निमुळत्या भागास ग्रीस लावूं नये. छिद्र अंडाकृति झालें असेल तर नवा सांधाहि तेथें टिकणार नाहीं; तो हातच बदलावा. नट पुस्तकांत दिलेल्या मापानें आवळावा. स्प्लिट पिनचें छिद्र जुळत नसेल तर नट आणखी किंचित् आवळून जुळवावें, सैल करून कधींहि जुळवूं नये. पिन दर वेळीं नवीच घालावी. जुनी पिन सरळ करून पुन्हां घालणाऱ्याचा चार आण्यांचा लोभ फार महागांत पडतो. ग्रीसचें निपल असल्यास टोपण जरासें फुगेपर्यंत ग्रीस द्यावें, फाटेपर्यंत नव्हे.

एका टोंकाचा सांधा गेला असेल तर दुसऱ्या टोंकाचाहि त्याच वयाचा असतो. बैलजोडींतील एक बैल थकला तर दुसऱ्यावर भार पडतो, तसेंच येथें होतें. म्हणून सांधे जोडीनें बदलावे. माल विकत घेतांना विश्वासाच्या दुकानांतून, पावती मागून, घ्यावा. नकली सांध्यांचें रंगकाम अस्सलापेक्षां चकचकीत असतें, पण गोळ्याचें पोलाद रंगानें चांगलें होत नाहीं.

वर सांगितलेल्या खुंट्यांचें काम मात्र घरीं करूं नये. तेथें वर व खालीं पातळ पत्रे घालून बेअरिंगाचा दाब बेतावा लागतो, व तो स्प्रिंगच्या कांट्यानें मोजावा लागतो. हें काम चांगल्या कारखान्यांतूनच करवून घ्यावें.

चाकांचा मेळ

सांधे बदलल्यावर चाकांचा मेळ पुन्हां बसविलाच पाहिजे. पुढील दोन चाकें समोरच्या बाजूस मागील बाजूपेक्षां किंचित् जवळ असावीं लागतात. विलीस जीपच्या पुस्तकांत हें अंतर ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे सुमारें सव्वा ते अडीच मिलिमीटर दिलें आहे. इतर गाड्यांचें माप त्यांच्या पुस्तकांत पाहावें. कामचलाऊ मोजणी अशी करावी : दोन्ही टायरांच्या मध्यावर खडूची रेघ ओढून मागील बाजूस, आंसाच्या उंचीवर, दोन खुणांमधील अंतर मोजावें. नंतर गाडी अर्धा फेरा पुढें ढकलावी म्हणजे त्याच खुणा पुढील बाजूस येतील. तेथें पुन्हां मोजावें. टाय रॉड फिरवून फरक जुळवावा व आवळपट्ट्या घट्ट कराव्या. बेल क्रँकच्या गाडींत क्रँक सरळ ठेवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या जुळवाव्या लागतात. शेवटीं चक्र दोन्ही टोंकांपर्यंत फिरवून टायर किंवा ब्रेकची नळी कोठें घासत नाहीं ना, हें पाहावें. प्रथम मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवावें, लवकरच शहरांतील यंत्रावर मेळ तपासून घ्यावा, आणि शंभरएक किलोमीटर झाल्यावर सर्व नट व पिना पुन्हां पाहाव्या.

नव्या गाड्यांविषयीं

२०१० सालानंतरच्या थारसारख्या गाड्यांत पुढील चाकें स्वतंत्र टांगलेलीं असतात व पेटीच्या जागीं दांतेरी दांडा असतो. तेथें सांधे निराळ्या घडणीचे असून कांहींवर गाडीचा भारहि असतो. ते बदलण्याचें काम कारखान्याकडेच द्यावें. परंतु परीक्षा आपली आपणच करावी. पॉवर स्टीअरिंगमुळें हातास भार लागत नाहीं, आणि भार लागत नाहीं म्हणून झीजहि लवकर कळत नाहीं. सोय वाढली कीं सावधपणाहि वाढला पाहिजे.

झीज कशी टाळावी

झीज पूर्णपणें टळत नाहीं, पण निम्मी तरी आपल्या हातीं आहे. चारी चाकांची जोडणी चिखलांत व वाळूंतच करावी. जेथें पुढील व मागील आंसांस वेगळा फिरूं देणारी योजना नाहीं, अशा गाडीची जोडणी डांबरी रस्त्यावर ठेविल्यास वळणावर चाकांचे फेरे जुळत नाहींत, गाडी आंतल्या आंत आवळली जाते, व तो ताण सांध्यांवर व टायरांवर पडतो.

आपल्या द्राक्षबागाइतदारांत आणखी एक संवय आहे. फवारणीच्या पंपाच्या दाबानें गाडी धुण्याची ती संवय होय. त्या दाबाचें पाणी रबरी टोपणांतून व सीलांतून थेट आंत जातें. खालचा भाग साध्या नळीनें धुवावा व नंतर ग्रीस द्यावें. बोर्डो मिश्रणासाठीं मोरचूद ज्या गाडींतून वाहिला जातो तिची विशेष काळजी घ्यावी. मोरचुदाचें पाणी लोखंड खातें. सांडलें तर त्याच दिवशीं धुवून टाकावें.

कायद्याकडे पाहूं गेल्यास, खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पांच वर्षांनीं गाडी दाखवून ती नवी करावी लागते. म्हणजे सरकारी तपासणी पांच वर्षांतून एकदां. सांधा मात्र एका पावसाळ्यांतहि जाऊं शकतो. तेव्हां आपल्या गाडीचा खरा निरीक्षक आपणच.

वर्षांतून दोन वेळां ही परीक्षा करावी, असें आमचें सांगणें आहे. एक, द्राक्षांचा हंगाम संपून पाऊस सुरूं होण्यापूर्वीं. दुसरी, पावसाळा संपून गोडी छाटणीची धांदल लागण्यापूर्वीं, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास. खंडेनवमीस आपण हत्यारें धुतों-पुसतों, आणि दसऱ्यास गाडीस झेंडूची माळ घालतों. माळ घालण्यासाठीं आपण गाडीच्या पुढें जातोंच. त्याच वेळीं अर्धा तास खालीं वांकून सांध्यांवर हात फिरवावा. आम्ही स्वतः आतां चक्र मोजल्यावांचून माळ घालीत नाहीं. गडाचा घाट पूर्वींसारखाच उतरतों; पण उतरण्यापूर्वीं खालीं काय आहे हें आम्हांस ठाऊक असतें, आणि मागें बसलेल्या मुलांकडे पाहण्यास मन मोकळें राहतें.